विश्लेषण : नवा कार्ब्युरेटर बसवला आणि जुनी पद्मिनी तापू लागली… दोष नेमका कुठे शोधायचा?

जुन्या फियाट-पद्मिनीला नवा कार्ब्युरेटर, मोकळा एअर फिल्टर किंवा वेगळा मॅनिफोल्ड बसवला की गाडी चपळ होते. मात्र अनेकदा त्यानंतर तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. मग रेडिएटर बदलला जातो, थर्मोस्टॅट काढून टाकला जातो, जादा पंखा बसवला जातो; तरीही गाडी तापतच राहते. हजारो रुपये खर्च होतात आणि शेवटी हेड गॅस्केट उडते. गाडी तापण्याचा दोष पायरीपायरीने कसा शोधायचा, याचे हे विश्लेषण.

पद्मिनीची चर्चा अजून का?

प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात तयार होणारी ‘फियाट ११०० डिलाइट’ १९६४ पासून भारतीय रस्त्यांवर आली. पुढे तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा असलेली ही गाडी टॅक्सी म्हणून शेवटची नोंदवली गेली ती २९ ऑगस्ट २००३ रोजी, ताडदेव आरटीओत. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली.

खासगी पद्मिनी मात्र अनेक घरांत आजही जपून ठेवलेल्या आहेत. वडिलांनी किंवा आजोबांनी नंबर लावून घेतलेली गाडी नातवंडे दुरुस्त करून चालवतात. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. ताकद साधारण ४० अश्वशक्ती आणि इंधनपुरवठा एका सोलेक्स कार्ब्युरेटरकडून. आजच्या रहदारीत ही ताकद अपुरी वाटते. म्हणून पहिला हात घातला जातो तो ‘इनटेक’ला, म्हणजे इंजिनात हवा आणि पेट्रोल नेणाऱ्या भागांना.

इनटेक बदलल्याने नेमके काय बदलते?

इंजिन हे हवेचा पंप आहे, असे समजता येते. ते जितकी हवा आत ओढेल आणि त्या हवेला साजेसे पेट्रोल मिळेल, तितकी ताकद मिळते. मोठ्या किंवा दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरमधून हवा जास्त जाते. मोकळ्या फिल्टरमुळे अडथळा कमी होतो.

हा प्रयोग नवा नाही. फियाटनेच १९५३ मध्ये याच १०८९ सीसी इंजिनाची ‘११०० टीव्ही’ ही वेगवान आवृत्ती काढली होती. साध्या गाडीची ताकद तेव्हा ३६ अश्वशक्ती होती, तर ‘टीव्ही’ची सुमारे ५०. पण कंपनीने त्यासाठी केवळ वेबरचा दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर बसवला नव्हता, इंजिनाचे कॉम्प्रेशनही वाढवले होते. हवा, पेट्रोल, ठिणगीची वेळ आणि थंडावा या चारही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. गॅरेजमध्ये एकच गोष्ट बदलली जाते आणि बाकीच्या तीन जुन्याच राहतात. गडबड सुरू होते ती इथून.

ताकद वाढली म्हणून गाडी तापते का?

बहुतेकांचा पहिला समज हाच असतो. तो पूर्ण चुकीचा नाही, पण अर्धाच खरा आहे. पेट्रोल जळून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचणाऱ्या कामात बदलतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेला रेडिएटरच्या पाण्यात जातो. ४० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३० किलोवॉट. म्हणजे पूर्ण ताकदीवर चालताना जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. ताकद १५ टक्क्यांनी वाढली, तर त्यात चार-साडेचार किलोवॉटची भर पडते. घरातले दोन गिझर एकदम सुरू केल्यासारखेच हे झाले.

पण ही भर पडते ती अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच. सिग्नलवर उभ्या असलेल्या किंवा दादरच्या गर्दीत रांगणाऱ्या गाडीला जेमतेम काही अश्वशक्ती लागते आणि तेवढीच ती आधीही लागत होती. त्यामुळे नवा कार्ब्युरेटर बसवल्यावर गाडी सिग्नलवर उकळत असेल, तर ‘वाढलेली ताकद’ हे त्याचे कारण असू शकत नाही. दोष दुसरीकडे आहे. मोठा रेडिएटर घेण्याआधी एवढा विचार केला तरी बराच खर्च वाचतो.

गाडी खरोखर तापते आहे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण तपासाची सुरुवात इथूनच व्हायला हवी. काम करताना इंजिनावरची अर्थिंगची वायर सुटली किंवा सैल राहिली, तर तापमानाचा काटा चुकीचे दाखवू शकतो. पन्नास वर्षे जुना सेन्सर आणि मीटर यांच्यावर पूर्ण विसंबता येत नाही.

हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळतो. इंजिन गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच्या झाकणाजवळ, रेडिएटरच्या वरच्या टाकीवर आणि खालच्या टाकीवर तापमान घ्यावे. चकचकीत धातूवर हे उपकरण कमी आकडा दाखवते. त्यामुळे तिथे काळी टेप लावून किंवा काळा रंग मारून मग मोजावे. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सियस हे तापमान अशा इंजिनासाठी काळजीचे नाही.

दुसरी गल्लत होते ती ‘व्हेपर लॉक’शी. गाडी दहा मिनिटे थांबवली आणि पुन्हा सुरू होत नाही, किंवा चालता चालता आचके देऊन बंद पडते. पण पाणी उकळलेले नसते. अशा वेळी इंजिन नव्हे, तर पेट्रोल तापलेले असते. नवा कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या जास्त जवळ आला, त्याखालचा उष्णतारोधक जाड ठोकळा वगळला गेला किंवा मधला पत्रा परत बसवला नाही, तर कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळते. जुने चालक पेट्रोल पंपावर ओले फडके टाकत, ते याच कारणासाठी. यावर उपाय म्हणजे तो ठोकळा आणि पत्रा बसवणे आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे. रेडिएटर बदलून हा दोष जाणार नाही.

कधी तापते, यावरून काय कळते?

डॉक्टर ताप सकाळी येतो की संध्याकाळी हे विचारतात, तसाच हा प्रश्न आहे.

फक्त गर्दीत आणि उभ्या गाडीत तापते : संशय हवेच्या प्रवाहावर. सैल फॅन बेल्ट, पंख्याभोवतीचे काढून ठेवलेले आच्छादन, उलटा फिरणारा इलेक्ट्रिक पंखा. त्याखेरीज आयडलिंगला उशिरा पडणारी ठिणगी आणि मॅनिफोल्डमधून होणारी हवेची गळती.

मोकळ्या रस्त्यावर वेगात तापते : हवा भरपूर असूनही तापत असेल, तर संशय पाण्याच्या प्रवाहावर. आतून बुजलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, वेगात आत ओढली जाऊन चपटी होणारी खालची होज पाइप. त्याखेरीज लहान मेन जेट किंवा अपुरा पेट्रोलपुरवठा.

फक्त घाटात तापते : भार जास्त, वेग कमी. इथे सगळ्याच उणिवा एकत्र दिसतात. थोडे वाढलेले तापमान समजण्यासारखे आहे, पण पूर्वी चढत असलेला घाट आता चढवत नसेल तर मिश्रण आणि टायमिंग आधी पाहावे.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते : पाण्यात अडकलेली हवा, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा गेलेले हेड गॅस्केट.

मिश्रण ‘लीन’ होणे म्हणजे काय?

इनटेक बदलानंतरचा सर्वात सामान्य दोष हाच. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. जुन्या गाड्यांचे कार्ब्युरेटर जोर लावताना त्यापेक्षा थोडे जास्त पेट्रोल देतील असेच बनवलेले असतात. ते जादा पेट्रोल वाया जाते असे वाटते, पण ज्वलनाचे तापमान आटोक्यात ठेवण्याचे कामही तेच करते. पेट्रोल कमी झाले की आधी ज्वलन जास्त गरम होते. आणखी कमी झाले की ज्वाला संथ जळते, ताकद पडते, चालक अॅक्सिलरेटर आणखी दाबतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची वेळ येते.

मिश्रण लीन होण्याच्या वाटा अनेक. दुसऱ्या इंजिनासाठी बनवलेला कार्ब्युरेटर आणला आणि त्यातले जेट तसेच ठेवले, ही पहिली. मूळ फिल्टरच्या डब्याऐवजी मोकळा फिल्टर लावला की अनेक कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओढले जाण्याचा जोर कमी होतो, ही दुसरी. जुना यांत्रिक पेट्रोल पंप नव्या कार्ब्युरेटरची भूक भागवू शकत नाही आणि वेगात वाटी रिकामी होत जाते, ही तिसरी.

चौथी वाट सर्वात फसवी असते. ती म्हणजे कार्ब्युरेटरच्या पायाशी किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून आत शिरणारी चोरटी हवा. नव्या-जुन्या भागांचे पृष्ठभाग नीट सपाट नसतील, जुने गॅस्केट पुन्हा वापरले असेल किंवा न वापरलेले एखादे व्हॅक्यूमचे तोंड उघडे राहिले असेल, तर ही गळती होते. आयडलिंगला मॅनिफोल्डमधली निर्वात ओढ सर्वाधिक असते, म्हणून गळतीचा परिणाम गर्दीत जास्त आणि वेगात कमी जाणवतो. मेन जेट लहान असेल तर नेमके उलट होते. एवढ्या एका फरकावरून दोष गळतीचा की जेटचा, हे बऱ्याच अंशी कळते.

ई-२० पेट्रोलचा काही संबंध आहे का?

आहे. देशभर आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल पूर्ण जळायला एका किलोमागे सुमारे नऊच किलो हवा लागते. त्यामुळे ई-२० साठी हे प्रमाण १४.७ वरून साधारण साडेतेरावर येते. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावे लागते. नव्या गाड्यांमधला संगणक सेन्सरच्या मदतीने ते आपोआप देतो. कार्ब्युरेटरला मात्र हे कळत नाही. जेटचे भोक ठरलेले, तेवढेच इंधन येणार. परिणामी शुद्ध पेट्रोलवर नीट लावलेली गाडी ई-२० वर सात-आठ टक्क्यांच्या आसपास लीन चालते.

मूळ सोलेक्स सढळ हाताने पेट्रोल देणारा असेल, तर हा फरक पचून जातो. पण नवा कार्ब्युरेटर आधीच काठावर लीन असेल, तर ई-२० त्याला सीमेपलीकडे ढकलते. त्यामुळे वीस-तीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेले जेटचे आकडे आज जसेच्या तसे वापरता येत नाहीत. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉलमुळे फुगतात आणि कडक होऊन तडकतात. त्यातून पेट्रोलगळती झाली तर प्रश्न तापण्यावर थांबत नाही, आगीपर्यंत जातो. इनटेकचे काम करतानाच इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घालणे शहाणपणाचे ठरते.

टायमिंगकडे दुर्लक्ष का महागात पडते?

ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल जळायलाही उशीर होतो. पिस्टन खाली जाऊन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत ज्वलन चालूच राहते. ती उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी हेडमधल्या एक्झॉस्टच्या वाटेला आणि तिच्याभोवतीच्या पाण्याला मिळते. गाडी मंद होते आणि तापते. एक्झॉस्टचा पाइप लालसर दिसू लागला तर हेच समजावे.

याचा कार्ब्युरेटरशी थेट संबंध येतो तो डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम नळीमुळे. ज्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची डबी असते, तिची बारीक नळी कार्ब्युरेटरला जोडलेली असते. हलक्या भारावर चालताना ही डबी ठिणगी लवकर पाडते. नव्या कार्ब्युरेटरला त्यासाठीचे तोंड नसेल तर मेकॅनिक ती नळी बुचाने बंद करून टाकतो. गाडी चालते, तक्रार लगेच येत नाही. पण सरळ रस्त्यावर एका वेगात जाताना ठिणगी कायम उशिरा पडत राहते आणि काटा हळूहळू वर जातो. नळी चुकीच्या तोंडाला जोडली, तर आयडलिंगचे टायमिंगच बदलून जाते.

उलट बाजूने, ताकद मिळावी म्हणून डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी फार लवकर आणली, तर चढावर इंजिन ‘नॉक’ करते. धातूवर खडे आपटल्यासारखा आवाज येतो. ही आदळआपट पिस्टनला भोक पाडू शकते. म्हणून कानाने अंदाज घेण्याऐवजी टायमिंग लाइटने, आधी आयडलिंगला आणि मग तीन हजार आरपीएमला, टायमिंग तपासावे. मूळ आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावेत.

रेडिएटर निर्दोष आहे, हे कसे ठरवायचे?

‘बदलानंतर’ तापली म्हणजे ‘बदलामुळे’च तापली असे नाही. चाळीस वर्षांच्या रेडिएटरमध्ये गंज आणि क्षार साचून काही नळ्या आधीच बंद झालेल्या असतात. जुन्या ताकदीला तो कसाबसा पुरत होता, एवढेच. इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवर फिरवल्यावर मध्येच थंड पट्टे आढळले, तर तिथून पाणी वाहत नाही हे स्पष्ट होते. पितळी रेडिएटर उघडून, सळई घालून साफ करता येतो किंवा त्याचा गाभा बदलता येतो.

वरच्या आणि खालच्या टाकीतल्या तापमानाचा फरकही बोलका असतो. फरक फारच कमी असेल तर पाणी फिरते आहे, पण हवा उष्णता उचलत नाही; म्हणजे पंखा, बेल्ट, आच्छादन पाहावे. फरक खूप जास्त असेल तर पाणी फार संथ फिरते आहे. म्हणजे वॉटर पंप, थर्मोस्टॅट किंवा बुजलेल्या नळ्या पाहाव्यात.

कामाच्या वेळी हात कुठे कुठे लागला, हेही आठवावे. नव्या फिल्टरला जागा हवी म्हणून पंख्याचे आच्छादन काढले का? मोठा फिल्टर रेडिएटरमागच्या हवेच्या वाटेत आला का? मॅनिफोल्डला गरम पाण्याची वाट असेल तर पाणी काढून पुन्हा भरताना हवा आत अडकली का? हवा अडकली असल्यास गाडीचे नाक चढावर उंच करून, थंड इंजिन सुरू करून, रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून हळूहळू पाणी भरावे लागते.

हेड गॅस्केट गेले आहे का?

एकदा जरी पाणी जोरात उकळले असेल, तर ही तपासणी चुकवू नये. कारण इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. गाडी तापल्यामुळे गॅस्केट उडते आणि उडालेल्या गॅस्केटमुळे गाडी पुन्हा तापते. मग जेट आणि टायमिंग अगदी बरोबर केले तरी काटा खाली येत नाही.

लक्षणे ठरलेली आहेत. इंजिन सुरू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, थंड इंजिनातही काही क्षणांत ताठ होणारी वरची होज, गळती न दिसता कमी होणारे पाणी, दुधाच्या कॉफीसारखे दिसणारे ऑइल, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर. खात्रीसाठी गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन तपासतात किंवा रेडिएटरच्या तोंडावर रसायनाची नळी धरतात. जळलेला वायू पाण्यात येत असेल तर त्या रसायनाचा निळा रंग पिवळा होतो.

मग तपास कोणत्या क्रमाने करावा?

स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी, खर्चीक गोष्टी शेवटी, हा साधा नियम. तसेच एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

१. थंड इंजिनावर पाण्याची पातळी, रेडिएटरचे झाकण आणि त्याचे रबर, बेल्टचा ताण, होज पाइप, पंख्याची दिशा पाहावी.

२. काटा आणि प्रत्यक्ष तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने ताडून पाहावे.

३. गाडी कधी तापते याची नोंद दोन-तीन फेऱ्यांमध्ये करावी : गर्दी, मोकळा रस्ता, चढ.

४. व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडावा. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पारा इतके स्थिर माप दाखवते. माप स्थिर पण कमी असेल तर टायमिंग उशिरा आहे किंवा गळती आहे. उंचीवर दर ३०० मीटरला हे माप सुमारे एक इंचाने कमी होते, हे लक्षात ठेवावे.

५. गळती शोधण्यासाठी सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. इंजिनाचा आवाज बदलला तर गळती तिथेच. काही जण यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. तो ज्वालाग्राही असतो आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो, म्हणून ते टाळावे.

६. टायमिंग लाइटने टायमिंग तपासावे.

७. स्पार्क प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी रंग ठीक. पांढरे, फोड आलेले टोक म्हणजे लीन आणि जास्त गरम. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. मात्र आजच्या पेट्रोलवर प्लगचा रंग पूर्वीइतका स्पष्ट दिसत नाही. त्यामुळे एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून मोजणे सर्वात खात्रीचे. शुद्ध पेट्रोलच्या मापात पूर्ण जोर लावताना हवा-इंधन प्रमाण साडेबारा ते तेराच्या आसपास असावे.

८. रेडिएटर, वॉटर पंप आणि शेवटी हेड गॅस्केट.

इतके करूनही उत्तर सापडले नाही, तर सर्वात निर्णायक परीक्षा उरते. जुना कार्ब्युरेटर आणि जुना फिल्टर परत बसवून त्याच रस्त्यावर, त्याच वेळी गाडी चालवून पाहावी. गाडी तापायची थांबली तर दोष नव्या जोडणीत. तरीही तापली तर इनटेक निर्दोष, आणि शोध पाण्याच्या बाजूला घ्यायचा.

कोणते ‘उपाय’ टाळावेत?

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आपल्याकडचा सर्वात लोकप्रिय उपाय. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तरच त्याचा उपयोग होतो, आणि तेव्हाही तो बदलणे हेच योग्य. एरवी काढून टाकल्याने इंजिन थंडीत नीट तापत नाही, झीज वाढते, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून आडवाटेनेच फिरत राहते.

दुसरा उपाय म्हणजे जास्त दाबाचे झाकण. दाब वाढला की पाणी उशिरा उकळते, हे खरे. पण त्यामुळे उष्णता कमी होत नाही, फक्त उकळणे पुढे ढकलले जाते. शिवाय जुन्या रेडिएटरचे झाळलेले सांधे तो दाब सोसतीलच असे नाही. मूळ मापाचेच झाकण वापरावे.

तिसरी सवय केवळ नळाचे पाणी भरण्याची. त्यातल्या क्षारांनीच रेडिएटर बुजतो. शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण गंज रोखते आणि उकळबिंदूही काही अंशांनी वाढवते.

घाटात काटा लालवर गेला तर?

समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांना उकळते, तर सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरात ९५ ते ९६ अंशांनाच. झाकणाचे रबर गेलेले असेल तर मुंबईत न उकळणारी गाडी तिथे उकळू शकते. चढावर इंजिन घुसमटवत वरच्या गिअरमध्ये ओढण्यापेक्षा खालचा गिअर घ्यावा. बेल्टवर चालणारा पंखा आणि पंप इंजिनासोबतच वेग घेतात, त्यामुळे थंडावा वाढतो.

काटा लालवर गेलाच तर सुरक्षित जागी गाडी थांबवावी, बॉनेट उघडावे आणि किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते आणि चेहरा-हात गंभीर भाजतात. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात थंड पाणी ओतू नये. हेडला तडा जाऊ शकतो. पद्मिनीचे चांगल्या अवस्थेतले हेड शोधणे आज किती अवघड आहे, हे मालकांना वेगळे सांगायला नको.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्यामुळे इनटेकच्या पलीकडे जाऊन इंजिनच बदलायचे असेल तर आधी आरटीओची परवानगी लागते. कार्ब्युरेटर बदलल्यानंतर पीयूसी चाचणी उत्तीर्ण होणे बंधनकारक आहेच. तापते म्हणून मिश्रणात भरमसाट पेट्रोल वाढवले, तर गाडी त्या चाचणीत अडकते.

आणखी एक मुद्दा पैशांचा आणि वारशाचा. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. त्यासाठीचे शुल्क २० हजार रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पद्मिनी नावाने विकल्या गेलेल्या पहिल्या गाड्यांनी नुकताच हा ५० वर्षांचा टप्पा गाठला आहे. म्हणून नवा कार्ब्युरेटर बसवताना जुना सोलेक्स, त्याचा फिल्टरचा डबा आणि मूळ नळ्या भंगारात देऊ नयेत. पुसून, तेल लावून, नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवाव्यात. तापणाऱ्या गाडीचा दोष शोधताना तुलनेसाठी आणि पुढे गाडीची मूळ ओळख सिद्ध करण्यासाठी, अशा दोन्ही कामांना त्या उपयोगी पडतील.